गहू पूलमध्ये घालायचा, तर भाव कधी आणि कसा बांधायचा

पूलमध्ये, म्हणजे अनेक शेतकऱ्यांच्या मालाच्या सामायिक विक्रीत, गहू घालायचा विचार सुरू झाला की पहिला प्रश्न येतो, “भाव काय मिळेल?” माझ्या मते गाडी इथेच रुळावरून घसरते. पूल भाव देत नाही, सरासरी देतो, आणि तीही एका हाती न देता हप्त्याहप्त्याने. त्यामुळे आधी विचारायचं ते हे: मला पैसे कधी लागणार आहेत? आणि माझ्या गव्हातला किती भाग मी दुसऱ्याने काढलेल्या सरासरीवर सोडू शकतो? या दोन्हींची उत्तरं कागदावर उतरली की भाव बांधायचं, म्हणजे विक्रीचा भाव आधीच पक्का करायचं काम बरंचसं हिशेबाचं उरतं. हिशेब करता येतो. बाजाराचं भाकीत कुणालाच नीट करता येत नाही.

या लेखात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच उदाहरण घेऊ: ४०० टन गहू अपेक्षित असलेली एक शेती. उदाहरणातले भाव आणि खर्च केवळ हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. स्वतःचे आकडे घालून तेच गणित करावं.

पूल चालतो कसा

अनेक शेतकरी आपला गहू एका विक्रेत्याच्या हवाली करतात. हा विक्रेता सहकारी संस्था असेल, नाहीतर धान्य कंपनी. तो हंगामभर थोडाथोडा माल विकतो, आलेला सगळा पैसा एका खात्यात घालतो, त्यातून वाहतूक, साठवण, बंदरावरचा खर्च, विमा, व्याज आणि स्वतःचा मोबदला कापतो आणि उरलेल्या रकमेला टनांनी भागतो. एका प्रतीच्या गव्हाला सगळ्यांना एकच दर. पहिल्या आठवड्यात माल घातलेल्यालाही तोच आणि शेवटच्या आठवड्यात घातलेल्यालाही तोच. माल काट्यावर चढला की पहिली उचल मिळते, मध्ये एखाद-दोन हप्ते येतात आणि खातं बंद झालं की अंतिम हप्ता.

उचल म्हणजे विक्रीची किंमत नव्हे, ती आगाऊ रक्कम आहे. हा फरक किती महागात पडू शकतो ते कॅनडात दिसलं. १९२३-२४ मध्ये तिथल्या गवताळ प्रांतांतल्या शेतकऱ्यांनी स्वतःचे गव्हाचे पूल उभे केले. काही वर्षं छान चाललं. १९२९ च्या पिकाला त्यांनी बुशेलला (सुमारे २७ किलोंना) एक डॉलर पहिली उचल ठरवली, आणि मग बाजार कोसळला. माल विकून आले त्याहून जास्त पैसे आधीच वाटून झाले होते. बँकांना हमी द्यायला प्रांतिक सरकारांना पुढे यावं लागलं. १९३२ च्या डिसेंबरात तर भाव ४० सेंटांच्या आसपास होता. पुढे १९३५ मध्ये कॅनडाचं गहू मंडळ आलं, त्याच्या पहिल्या उचलीमागे केंद्र सरकारची हमी होती. १९४३ पासून त्या मंडळालाच गहू देणं सक्तीचं झालं आणि ही सक्ती १ ऑगस्ट २०१२ ला संपली. ऑस्ट्रेलियातही गव्हाच्या निर्यातीची एकहाती व्यवस्था, म्हणजे सगळी निर्यात एकाच विक्रेत्यामार्फत, २००८ मध्ये मोडीत निघाली. सक्ती होती तोवर गहू कधी आणि कुणाला विकायचा याचा फारसा प्रश्नच शेतकऱ्याकडे नव्हता. आता पूल ऐच्छिक आहेत आणि प्रश्न आपल्या गळ्यात आहे.

म्हणून कुठल्याही पूलला पहिला प्रश्न हा विचारा: बाजार उचलीच्याही खाली गेला तर तूट कोण सोसणार? “असं कधी होत नाही” हे उत्तर चालणार नाही. करारातलं कलम दाखवायला सांगा.

पहिली पायरी: खर्च आणि पैशाचं वेळापत्रक

आपल्या शेतीचा एकूण खर्च ८०,००० डॉलर धरू. ४०० टन पिकले तर टनाला २०० डॉलर पडतात. पण खर्च जमिनीवर होतो, टनावर नाही. पीक ३०० टनांवर आलं तर तोच खर्च टनाला २६६ च्या वर जातो. तेव्हा “माझा खर्च इतका” असा एकच आकडा लिहून ठेवू नका. चांगलं, मध्यम आणि वाईट पीक असे तीन लिहा.

त्याखाली देण्यांच्या तारखा. समजा काढणीनंतर लगेच ३०,००० डॉलरचा कर्जाचा हप्ता आहे. १५० टन पूलमध्ये घातले आणि टनाला १६२.५० डॉलर पहिली उचल मिळाली, तर हातात २४,३७५ येतात. ५,६२५ कमी पडतात. म्हणजे काढणीच्या वेळी साधारण २५ टन रोखीने विकणं भाग आहे, बाजार कसाही असो. हे आधी कळलं तर तो नुसता व्यवहार असतो. ऐनवेळी कळलं तर घाबरून केलेली विक्री होते, आणि तशी विक्री नेहमी नडते.

दुसरी पायरी: किती टन बांधायचे

काढणीआधी बांधायचा माल अपेक्षित पिकावरून ठरवू नये, आजवरच्या सर्वांत वाईट पिकावरून ठरवावा. गेल्या दहा वर्षांत सर्वांत कमी २६० टन आले असतील, तर पूल आणि ठराविक भावाचे सौदे मिळून २६० च्या वर जायचं नाही. पूलमध्ये १५० टन घातले, तर आगाऊ भाव बांधायला ११० उरतात. बाकीचा माल कोठारात पडल्यावर बघू.

पूलचा करार दोन प्रकारचा असतो. एकात अमुक इतक्या क्षेत्रावर जे पिकेल ते द्यायचं, दुसऱ्यात अमुक टन द्यायचे. क्षेत्राचा करार मिळत असेल तर तो घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. टनांच्या करारात पीक बुडालं की कमी पडलेला माल बाजारभावाने विकत घेऊन द्यावा लागतो किंवा फरक भरावा लागतो. आणि आपलं पीक ज्या दुष्काळात बुडतं, त्याच दुष्काळात शेजाऱ्यांचंही बुडालेलं असतं, म्हणून भाव नेमका तेव्हाच चढलेला असतो. संकट एक, भुर्दंड दोनदा.

तिसरी पायरी: पूलचा अंदाज आणि आजचा रोख भाव एका पातळीवर आणणं

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा सावकाश.

पूल सांगतो, “यंदा अंदाज ३०० डॉलर.” तो बहुतेक वेळा बंदरावरचा दर असतो. त्यातून वाहतूक २८, हाताळणी आणि बंदर १४, पूलचा मोबदला आणि उचलीवरचं व्याज ८ असे वजा केले की शेताच्या फाटकावर २५० उरतात. तिकडे रोखीचा व्यापारी आजच फाटकावर २४२.५० द्यायला तयार आहे. साडेसात डॉलरचा फायदा दिसतो.

पण २५० एकदम मिळत नाहीत. समजा ६५ टक्के म्हणजे १६२.५० लगेच, २० टक्के म्हणजे ५० पाच महिन्यांनी, आणि १५ टक्के म्हणजे ३७.५० अकरा महिन्यांनी. तुमच्या कर्जाचा दर वर्षाला ९ टक्के असेल तर पाच महिन्यांनी येणाऱ्या ५० ची आजची किंमत ४८.१९, आणि अकरा महिन्यांनी येणाऱ्या ३७.५० ची ३४.६४. बेरीज २४५.३३. साडेसातचा फायदा २.८३ वर आला.

आता स्वतःला विचारा: टनाला पावणेतीन डॉलरसाठी मी वर्षभराची अनिश्चितता घ्यायला तयार आहे का? कधी उत्तर होय असतं. पूलचे विक्रेते दूरच्या खरेदीदारांपर्यंत पोचतात, जहाजभर माल एकत्र विकतात, कमी प्रथिनांचा माल जास्त प्रथिनांच्या मालात मिसळून सगळ्याची प्रत साधतात. हे एकट्याला जमत नाही. पण उत्तर आकड्यावर द्यावं, ओळखीपाळखीवर नको.

आणखी एक गोष्ट. पूलचा अंदाज हंगामात २५० वरून २४० वर आला, तर ती घट ४ टक्के. पण उचल आधीच दिलेली असल्याने सगळी घट शेवटच्या हप्त्यावर बसते: ३७.५० चे २७.५०, म्हणजे सत्तावीस टक्के कमी. अंतिम हप्त्याच्या भरवशावर कुणालाही शब्द देऊ नका.

चौथी पायरी: पूलबाहेरच्या गव्हाचा भाव

फाटकावरच्या भावाचे खरं तर तीन तुकडे असतात: वायदा भाव, बेसिस आणि चलनाचा दर. वायदा भाव म्हणजे पुढच्या एखाद्या महिन्यात द्यायच्या मालाचा वायदे बाजारात आज ठरणारा भाव. स्थानिक भाव आणि वायदा भाव यांच्यातल्या अंतराला व्यापारात बेसिस म्हणतात. वाहतूक महागली, कोठारं भरली की बेसिस पडतो. जहाज बंदरात उभं आहे आणि माल कमी पडतोय, तेव्हा चढतो. वायदा मात्र जगाच्या बातम्यांवर हलतो.

शिकागोच्या वायदे बाजारात गहू बुशेलवर विकला जातो. गव्हाचं एक बुशेल म्हणजे ६० पौंड, आणि एका मेट्रिक टनात ३६.७४ बुशेल. वायदा ७२० सेंट आणि बेसिस उणे ६० असेल तर निव्वळ ६६० सेंट, म्हणजे टनाला २४२ डॉलर ४८ सेंट. हा गुणाकार फोनवर बोलता बोलता करता आला पाहिजे. समोरचा माणूस सेंटांत बोलतो आणि आपण टनांत विचार करतो, त्या फटीत पैसे गळतात.

हे तुकडे वेगवेगळे बांधता येतात. वायदा चढा आहे पण काढणीच्या गर्दीत बेसिस पडलेला आहे? मग वायदा आता बांधा, बेसिस मोकळा ठेवा. उलट, बेसिस चांगला आणि वायदा मरगळलेला असेल तर बेसिस बांधून वायदा नंतर. दोन्ही चांगले असतील तर सरळ ठराविक भावाचा सौदा करून मोकळं व्हावं. चलनाचा तिसरा तुकडा फक्त त्यांच्यासाठी, ज्यांचा खर्च डॉलरमध्ये नाही.

स्वतः वायदे बाजारात उतरण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. शिकागोचा नेहमीचा एक करार ५,००० बुशेलचा, म्हणजे सुमारे १३६ टनांचा. आपल्याकडे आगाऊ बांधायला ११० टनच आहेत. एकच करार विकला तरी हातात नसलेला २६ टन गहू विकल्यासारखं होईल, आणि भाव चढला की दररोज मार्जिन, म्हणजे तोट्यापोटीची अनामत, भरावं लागेल ते वेगळंच. युरोपातल्या युरोनेक्स्ट बाजाराचा करार ५० टनांचा आहे, पण तो तिकडच्या दळणाच्या गव्हाचा. आपला भाव त्याच्याबरोबर हलत नसेल तर उपयोग नाही. छोट्या शेतकऱ्याला पूल चालवणाऱ्याकडूनच २०-४० टनांचे ठराविक भावाचे सौदे मिळत असतील तर ते घ्यावेत. थोडा मोबदला जातो, पण रात्री झोप लागते.

कधी

हंगामी चाल थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावर फार विसंबू नये. उत्तर गोलार्धात पीक शेतात असताना दुष्काळाची, थंडीची धास्ती भावात मिसळलेली असते. काढणी जवळ आली आणि पीक ठीक दिसलं की ती निघून जाते. आवक वाढते, भाव दबतो. म्हणून काढणीआधीच्या काही आठवड्यांत संधी बऱ्याचदा मिळते. नेहमी नाही.

महत्त्वाचा मुद्दा दुसरा आहे आणि तो फारसं कुणी सांगत नाही. पूल साधारण काढणीपासून पुढे वर्षभर विकतो. काढणीनंतरचं वाटप तो तुमच्यासाठी करतोच आहे. मग उरलेला गहूही काढणीनंतर थोडाथोडा विकलात तर तुम्ही पूलचीच नक्कल करता आहात, वर साठवणीचा खर्च भरून. पूल जिथे विकत नाही तिथे तुम्ही विका. तुमचे ११० टन काढणीआधी बांधा. तुमचा पूल पेरणीच्या काळातच वायदे विकून ठेवत असेल तर मात्र हे गणित बदलतं, म्हणून विचारून घ्या.

आपल्या शेतीची योजना अशी लिहिता येईल. पहिले ४० टन आज, ६६० सेंटांच्या आसपास. खर्चाच्या वर चांगलं अंतर आहे, हाव कशाला. पुढचे ३५ टन फाटकावर २५५ डॉलर मिळाले की, नाहीतर काढणीच्या चार आठवडे आधी. शेवटचे ३५ टन २७० ला, नाहीतर काढणी सुरू होण्याच्या दिवशी. आणि भाव २२८ पर्यंत घसरला तर उरलेल्यातले निम्मे लगेच. प्रत्येक ओळीत भाव आणि तारीख दोन्ही हवेत. जे आधी येईल ते. नुसता भाव लिहिला की तो येईपर्यंत वाट बघत माणूस हंगाम घालवतो.

२०२२ आठवा. २४ फेब्रुवारीला युक्रेनवर हल्ला झाला आणि मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातच शिकागोचा गहू इतिहासातल्या सर्वांत वरच्या पातळीवर पोचला. १३ मे रोजी भारताने निर्यात बंद केली. पुढचा बाजार उघडला त्या दिवशी, १६ मे ला, भाव बाजाराने घातलेल्या दिवसाच्या मर्यादेपर्यंत चढला. आणि जुलैच्या सुरुवातीला तो युद्धाआधीच्या पातळीवर परत आला होता. ज्याच्या कागदावर आकडे होते त्याने वाटेत विकलं. ज्याच्या कागदावर काही नव्हतं, त्याला मार्चमध्ये “अजून चढेल” वाटलं आणि जूनमध्ये “परत चढेल”.

अशा वर्षी पूल वाईट दिसतो, कारण त्याने काही माल आधीच विकलेला असतो. उतरत्या वर्षी तोच पूल रोख भावाच्या वर दिसतो, त्याच कारणाने. तेजीनंतर पूल सोडणारे आणि मंदीनंतर पूलमध्ये शिरणारे दोन्ही वेळा मागचं वर्ष विकत घेत असतात. त्यापेक्षा पूलचा वाटा एकदा ठरवावा आणि तीन-चार वर्षं तोच ठेवावा.

साठवून ठेवायचं का

४०० पैकी १५० पूलमध्ये, ११० आधी बांधलेले, २५ रोखीने विकलेले; काढणीनंतर उरले ११५ टन. पुढच्या वायद्याचा भाव तीन महिन्यांसाठी १८ सेंट जास्त आहे, म्हणजे महिन्याला ६. तुमचा खर्च बघा: ६६० सेंटांवर ९ टक्क्यांनी महिन्याचं व्याज जवळपास ५, साठवणीचे ४ धरा. महिन्याला ९ खर्चून ६ मिळवायचे. नको. बेसिस पुढे सुधारेल असं ठोस कारण असेल तरच थांबावं. दूरचा वायदा जवळच्यापेक्षा स्वस्त असेल तर बाजार ओरडून सांगतोय की माल आत्ता हवा आहे.

ओलाव्याची तूटही मोजा. १०० टन गहू १५ टक्के ओलाव्यावरून १२.५ वर वाळवला तर ९७.१४ टन उरतो. पण ओला गहू साठवणं म्हणजे किडीला आणि बुरशीला आमंत्रण, तेव्हा वाळवण्याला पर्याय नाही.

करारातली एक तारीख

एकदा मी वायदा भाव नंतर बांधायचा सौदा केला होता. भाव बांधायची शेवटची तारीख वायद्याच्या महिन्याआधी होती, ती मी “महिनाअखेर” अशी डोक्यात ठेवली. करारात होतं: माल देण्याच्या महिन्याआधीचा शेवटून दुसरा कामकाजाचा दिवस, आणि तोवर कळवलं नाही तर त्या दिवसाच्या बंद भावाने सौदा आपोआप पक्का. तो दिवस गुरुवारी पडला. मी शुक्रवारी फोन केला. गुरुवारी अकरा सेंटांनी उतरलेला भाव माझ्या नावावर लागला होता. चूक माझीच. तेव्हापासून प्रत्येक सौद्याची तारीख मी कराराच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहितो आणि तिच्या दहा दिवस आधीची दुसरी तारीख कॅलेंडरवर.

त्याच पानावर आणखी तीन गोष्टी लिहून घ्या: प्रथिनं कमी-जास्त भरल्यास टनाला किती वाढ-कपात, माल उचलायला उशीर झाला तर साठवणीचे पैसे कोण देणार, आणि पूलमधून मध्येच बाहेर पडायचं तर दंड किती. प्रतीचा वाद झाला तर नमुना कुठे तपासायचा हेही ठरलेलं असावं. काट्यावरच नमुन्याची दुसरी पिशवी सीलबंद करून घेतली तर पुढचं भांडण निम्म्यावर येतं.

अंतिम हप्ता आला की

पूलची शेवटची पावती बहुतेक जण रक्कम बघून ड्रॉवरमध्ये टाकतात. ती पहिल्या पायरीच्या कागदाशेजारी ठेवा. टन जुळतात का, प्रत तीच लागली का, मोबदला करारापेक्षा जास्त तर कापला नाही ना, हे तपासा. मग प्रत्येक हप्ता मिळालेल्या तारखेवरून काढणीच्या दिवसाच्या किमतीत आणा आणि त्याच दिवशी व्यापाऱ्याने देऊ केलेल्या २४२.५० च्या शेजारी लिहा. एका वर्षाचा फरक काहीच सांगत नाही. अशा चार-पाच पावत्या जमल्या की पूलचा वाटा १५० टन ठेवायचा, वाढवायचा की १०० वर आणायचा, ते कुणाला विचारावं लागत नाही.